सपाट पायाच्या शस्त्रक्रियेत लिगामेंटला दिलेला जादा आधार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाळिशी-पन्नाशीनंतर हळूहळू खचत गेलेल्या पायाची शस्त्रक्रिया ठरली, की ‘टेप’ किंवा ‘इंटर्नल ब्रेस’ हे शब्द हमखास कानावर पडतात, म्हणजे सैल लिगामेंटला जादा आधार म्हणून आत बसवलेली मजबूत फीत. नातेवाईक विचारतात, यूट्यूबवर दिसतात, हॉस्पिटलच्या अंदाजपत्रकात त्यांची वेगळी ओळ असते. मी पाय आणि घोट्याच्या शस्त्रक्रिया करते. पेशंट आणि त्यांच्या घरची मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. माझा आग्रह एकच आहे. टेपकडे बघण्याआधी हाडांकडे बघा. तो का, ते पुढे सविस्तर लिहिले आहे. ही माहिती मोठ्या वयात आलेल्या सपाट पायाबद्दल आहे. लहान मुलांचा प्रश्न वेगळा आहे, त्याचे उत्तर शेवटाकडे सापडेल.

लहानपणी माझे पाय चांगले होते. मग आता एकच पाय सपाट कसा झाला?

पिंढरीच्या आत खोलवर टिबियालिस पोस्टिरियर नावाचा स्नायू असतो. त्याचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, घोट्याच्या आतल्या उंचवट्यामागून वळसा घेऊन तळपायाच्या कमानीपाशी नॅव्हिक्युलर या हाडावर बसतो. आपण पाऊल उचलतो तेव्हा टाच आत वळवून कमान घट्ट करण्याचे काम त्याचे. नेमका या वळणावर त्याचा रक्तपुरवठा तुटपुंजा असतो. वर्षानुवर्षांच्या ताणाने तो तिथे सुजतो, झिजतो, लांबतो. हे पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये जास्त दिसते. जास्त वजन, मधुमेह आणि उच्च रक्तदाब असलेल्यांमध्येही जास्त दिसते.

टेंडन दमला, की त्याच्या वाटणीचा भार लिगामेंटांवर, मुख्यतः स्प्रिंग लिगामेंटवर येतो. लिगामेंट म्हणजे दोन हाडांना बांधून ठेवणारा पट्टा. स्नायूसारखा तो आकसत नाही, जोर लावत नाही, फक्त धरून ठेवतो. रोज हजारो पावलांचा भार एकट्याने धरता धरता तोही सैल पडतो. टाच बाहेरच्या बाजूला कलते, कमान बसते, पावलाचा पुढचा भाग बाहेर वळतो. १९८९ मध्ये जॉन्सन आणि स्ट्रॉम यांनी या आजाराचे टप्पे मांडले, तेव्हा सगळा भर टेंडनवर होता. नंतर लक्षात आले की टेंडन ही गोष्टीची एकच बाजू आहे. २०२० मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने आजाराचे नावच बदलून ‘हळूहळू कोसळत जाणारे पाऊल’ अशा अर्थाचे केले. त्यात टाच, कमान, पावलाचा पुढचा भाग आणि घोटा यांची बिघडलेली ठेवण वेगवेगळी तपासली जाते.

हे स्प्रिंग लिगामेंट नेमके असते कुठे?

पायाच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या थोडे खाली आणि पुढे. टाचेच्या हाडाला आतल्या अंगाने एक छोटी फळी पुढे आलेली असते. तिथून निघून ते नॅव्हिक्युलरपर्यंत जाते. या दोन हाडांच्या मधल्या मोकळ्या जागेत टॅलस या हाडाचे गोल डोके टेकलेले असते आणि अंगाचा सगळा भार टॅलसमधूनच खाली उतरतो. झोळीत मूल टेकावे तसे ते डोके या लिगामेंटवर टेकते. झोळी सैल पडली की टॅलसचे डोके खाली आणि आत घसरते. घोट्याच्या आतल्या बाजूला जो नवा उंचवटा दिसायला लागतो आणि चपलेच्या पट्ट्याला घासतो, तो बहुतेक वेळा हेच घसरलेले डोके असते.

लिगामेंटचे तीन भाग असतात. त्यातला वरच्या-आतल्या बाजूचा भाग सर्वांत रुंद आणि मजबूत असतो. फाटतो किंवा ताणून पातळ होतो तोही बहुधा हाच.

माझे लिगामेंट गेले आहे हे तुम्ही कशावरून ठरवता?

आधी तपासून, मग फोटो पाहून. पेशंटला मी भिंतीकडे तोंड करून, गुडघ्यापर्यंत पाय उघडे ठेवून उभे करते आणि मागून बघते. निरोगी पायात मागून करंगळी आणि फार तर तिच्या शेजारचे बोट दिसते. कमान खचलेल्या पायात तीन-चार बोटे बाहेर डोकावतात. मग भिंतीला हात टेकून एकाच पायावर टाच उचलायला सांगते. टेंडन चांगला असेल तर टाच वर जाताना आत वळते. तो गेला असेल तर टाच उचलतच नाही, किंवा पेशंट गुडघा वाकवून, अंग पुढे झोकून ती उचलल्यासारखे करतो. पुष्कळ पेशंटना त्या क्षणी पहिल्यांदा कळते की एका पायात जोरच उरलेला नाही.

पण जोर गेला म्हणजे लिगामेंट गेलेच असे नाही. त्यासाठी टाच सरळ धरून पावलाचा पुढचा भाग बाहेर ढकलून पाहते आणि दुसऱ्या पायाशी तुलना करते. उघड जास्त सरकत असेल तर संशय पक्का होतो. एक्स-रे उभे राहूनच काढायला हवेत. टेबलावर झोपून काढलेल्या एक्स-रेत भार नसतो, त्यामुळे कोसळलेली कमानही बरी दिसते आणि त्यावरून निर्णय चुकतो. एमआरआयमध्ये टेंडन आणि लिगामेंट दोन्ही दिसतात. सोय असेल तिथे उभ्याने सीटी स्कॅनही करतात.

येताना रोज वापरातली जुनी चप्पल बरोबर आणा. टाचेची आतली कड किती झिजली आहे, ते मला त्यावर दिसते.

शस्त्रक्रियेशिवाय भागणार नाही का?

लवकर आलात तर बहुतेकदा भागते. दुखते आहे, सूज आहे, पण टाच उचलता येते, अशा टप्प्यावर काही आठवडे बूट किंवा प्लास्टरमध्ये विश्रांती, मग टाचेला आतून आधार देणारा इनसोल किंवा घोट्याचा ब्रेस, आणि फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली टिबियालिस पोस्टिरियरचे व्यायाम आणि पिंढरी ताणण्याचे व्यायाम. याला सलग तीन ते सहा महिने द्या. बाजारातला मऊ जेलचा इनसोल छान वाटतो, पण तो दबतो आणि कमान धरत नाही. पायाचे माप घेऊन बनवलेला, थोडा कडक इनसोल लागतो.

टेंडनच्या आसपास स्टेरॉइडचे इंजेक्शन घेऊ नका. दुखणे थांबते, पण कमजोर टेंडन फाटण्याचा धोका वाढतो.

‘वयोमानाने होणारच’ असे सांगून परत पाठवलेले पेशंट माझ्याकडे दोन-दोन, तीन-तीन वर्षांनी येतात, तेव्हा फार वाईट वाटते. तोपर्यंत पाय ताठ झालेला असतो आणि सांधे वाचवायची वेळ निघून गेलेली असते. घोट्याच्या आतल्या बाजूला सूज आणि दुखणे महिन्याभरापेक्षा जास्त राहिले, तर ते वयावर ढकलू नका.

लिगामेंट फाटले असेल तर नुसते टाके घालून शिवता येत नाही का?

येते, आणि बरीच वर्षे तेच करत आलो. फाटलेली जागा उघडायची, झिजलेला भाग कापायचा, उरलेल्या कडा एकमेकांवर चढवून घट्ट शिवायच्या. अडचण कापडाची आहे. मुरगळून अचानक फाटलेल्या लिगामेंटच्या कडा जाड आणि पांढऱ्याशुभ्र असतात, टाका धरतात. सपाट पायातले लिगामेंट मात्र वर्षानुवर्षे ताणून पातळ झालेले असते. शस्त्रक्रियेत ते उघडल्यावर कधी कधी त्यातून टॅलसच्या डोक्याचा गुळगुळीत पांढरा कूर्चा थेट दिसतो. ज्या जागी जाड पट्टा असायला हवा तिथे पिवळट, विरलेला पडदा उरलेला असतो. त्यात घातलेला टाका आज घट्ट वाटतो. पेशंट भार टाकायला लागला की हळूहळू कापत जातो आणि लिगामेंट पुन्हा लांबते.

म्हणून शिवणीच्या वरून दुसरा आधार द्यायचा, म्हणजे खालची ऊती भरून येईपर्यंत तिच्यावर पूर्ण ताण येणार नाही. लिगामेंटला जादा आधार देणे म्हणतात ते एवढेच.

ती टेप असते कशाची आणि बसवतात कशी?

अतिशय मजबूत पॉलिएथिलीनच्या धाग्यांची विणलेली चपटी फीत असते, साधारण २ मिलिमीटर रुंद. ती हाडात पक्की करायला छोटे अँकर लागतात. ते बहुधा पीक नावाच्या टणक प्लास्टिकचे किंवा शरीरात हळूहळू विरघळणाऱ्या पदार्थाचे असतात, ३.५ ते ४.७५ मिलिमीटर जाडीचे.

घोट्याच्या आतल्या बाजूला छेद घेतो. टिबियालिस पोस्टिरियर टेंडन तपासतो. तो पूर्ण गेला असेल तर काढतो. त्याच्या मागे लिगामेंट असते. पहिला अँकर टाचेच्या हाडाच्या त्या पुढे आलेल्या फळीत बसतो. ही जागा बेताची आहे. तिच्या खालून अंगठ्याचा टेंडन जातो, वर सांधा आहे. ड्रिल दोन्हींपासून दूर ठेवायचे असते, म्हणून एक्स-रेच्या पडद्यावर बघत बघतच छिद्र पाडतो. टेपची दुसरी टोके नॅव्हिक्युलरकडे नेऊन तिथे पक्की करतो. एक वरून, एक तळाकडून गेले, तर टॅलसच्या डोक्याला दोन्ही बाजूंनी आधार मिळतो. मूळ लिगामेंट खालीच असते, ते शिवलेले असते. टेप त्याच्यावरून जाते.

आता ताण. टेप रबरासारखी ताणत नाही. जास्त आवळली तर पाऊल आत ओढले जाते, सांधा जखडतो आणि पेशंट तळपायाच्या बाहेरच्या कडेवर चालायला लागतो, हे दुखणे मूळ सपाट पायापेक्षा वाईट. सैल ठेवली तर उपयोग शून्य. म्हणून पाऊल सरळ, मधल्या स्थितीत धरून, टेपखाली एखादे बारीक उपकरण सरकवून शेवटचा अँकर घट्ट करतात, म्हणजे गरजेपुरती ढील राहते. मग पाऊल सगळ्या दिशांनी हलवून बघायचे. मला या शस्त्रक्रियेतली सर्वांत जास्त लक्ष मागणारी पाच मिनिटे हीच वाटतात.

घोट्याचे आतले डेल्टॉइड लिगामेंटही सैल असेल, तर टेपचा आणखी एक पदर नडगीच्या हाडाच्या टोकाला नेऊन बांधतात.

टेपऐवजी माझाच टेंडन वापरता येतो का?

येतो. मांडीमागचा हॅमस्ट्रिंग किंवा पायाच्या बाहेरच्या बाजूचा पेरोनियस लाँगस टेंडन घेऊन हाडांतल्या बोगद्यांतून ओवतात. काही ठिकाणी दात्याचा टेंडनही वापरतात. लिगामेंट जवळपास नाहीसेच झाले असेल तेव्हा याला अर्थ आहे, कारण जिवंत ऊती पुढे हाडाशी एकरूप होते. पण दुसरी जखम होते, हाडात मोठे बोगदे लागतात, वेळ वाढतो. टेप लगेच मजबूत असते, पण ती जिवंत होत नाही. खालची ऊती कशी भरते, यावर पुढची मजबुती ठरते.

मग टेप टाकली की हाड कापायची गरज नाही ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि याचे उत्तर बहुतेकांना आवडत नाही. हाड बहुतेक वेळा कापावे लागते.

कारण साधे आहे. टाच पायाच्या रेषेच्या बाहेर गेली आहे. प्रत्येक पावलाला जमिनीचा जोर टाचेतून वर येतो आणि तिला आणखी बाहेर ढकलतो. पिंढरीचा स्नायू, जो एरवी टाच आत खेचायला मदत करतो, तोही आता बाहेरच खेचू लागतो. या स्थितीत आत कितीही भारी टेप बांधा, दिवसाला हजारो वेळा तिच्यावर उलटा झटका बसणार. आज ना उद्या ती सैल होईल, अँकर हलेल, किंवा टेप हाडात रुतत जाईल. झोळीचा दोर बदलला, पण ज्या खांबाला बांधली तो कललेलाच ठेवला, तर दुसरे काय होणार?

म्हणून आधी खांब सरळ. टाचेचे हाड बाहेरच्या बाजूने छेद घेऊन कापायचे, मागचा तुकडा साधारण १ सेंटिमीटर आत सरकवायचा आणि एक-दोन स्क्रूने बसवायचा. पावलाचा पुढचा भाग फारच बाहेर वळला असेल, तर टाचेच्या हाडाच्या पुढच्या टोकाजवळ कापून त्यात काही मिलिमीटर जाडीची हाडाची पाचर घालतात, म्हणजे पावलाची बाहेरची बाजू लांब होते. १९७५ मध्ये इव्हान्स यांनी ही पद्धत मांडली. कमान उचलताना अंगठ्याकडची बाजू वर तरंगत असेल, तर मिडियल क्युनिफॉर्म या हाडात वरून पाचर घालून ती खाली आणतात. कॉटन यांची ही शस्त्रक्रिया १९३६ची, आजही तितकीच उपयोगी आहे. पिंढरीचा स्नायू आखूड झाला असेल तर तो थोडा सैल करतात. आणि गेलेल्या टेंडनच्या जागी शेजारचा, बोटे वाकवणारा टेंडन नॅव्हिक्युलरला जोडतात.

या सगळ्यानंतर टेबलावरच पाऊल तपासायचे. हाडे जागेवर आली, तरी टॅलसचे डोके आतून सैलच वाटते का? तर लिगामेंटची दुरुस्ती आणि तिला आधार. काही सर्जन असा आधार दिल्यामुळे बाहेरच्या बाजूची पाचर टाळतात किंवा लहान ठेवतात. पाचर मोठी झाली की पावलाच्या बाहेरच्या कडेवर दाब येऊन ती दुखते, त्यामुळे हा विचार मला पटतो, पण प्रत्येक पायाला लागू करता येत नाही.

तुमच्या सर्जनला विचारायचा पहिला प्रश्न म्हणून हा लिहून न्या: माझी टाच तुम्ही पायाच्या रेषेत कशी आणणार? त्याचे स्पष्ट उत्तर मिळाले, की मग टेपबद्दल बोला.

अपवाद आहे. तरुण माणूस, पाय मुरगळून फक्त स्प्रिंग लिगामेंट फाटले, टेंडन शाबूत, टाच जवळपास सरळ. तिथे नुसती दुरुस्ती आणि टेप पुरू शकते. असे पेशंट कमी असतात.

संशोधन काय सांगते? हे सिद्ध झालेले आहे का?

मृतदेहांच्या पायांवर केलेल्या प्रयोगांत, टेपचा आधार दिलेली दुरुस्ती नुसत्या टाक्यांपेक्षा जास्त भार पेलते असे दिसले आहे. पेशंटांवरचे अहवाल बहुतेक लहान गटांचे आहेत. त्यांत दुखणे कमी झाल्याचे आणि एक्स-रेमधले कोन सुधारल्याचे आढळते. पण त्या पेशंटांची टाचेची आणि टेंडनची शस्त्रक्रियाही त्याच वेळी झालेली असते. मग सुधारणेतला कितवा हिस्सा टेपचा? ते वेगळे काढणे कठीण आहे. ‘टेपमुळे पाय आयुष्यभर टिकतो’ असे कुणी छातीठोक सांगत असेल, तर तसे म्हणण्याइतका पुरावा अजून जमलेला नाही. योग्य पायात, हाडे सरळ केल्यावर, ती उपयोगी जोड आहे. मी तेवढ्याच विश्वासाने ती वापरते.

कोणासाठी ही शस्त्रक्रिया नाही?

पाय ताठ झाला असेल, म्हणजे हाताने धरूनही टाच सरळ होत नसेल, किंवा सांध्यांची झीज झाली असेल, तर लिगामेंट दुरुस्त करून फायदा नाही. तिथे सांधे जोडून पाऊल सरळ करावे लागते.

मधुमेही माणसाचा पाय अचानक गरम, लाल होऊन सुजला आणि सपाट झाला, दुखत मात्र फारसे नाही, तर आधी शार्को फूट आहे का ते बघायला हवे. तो वेगळाच आजार आहे, त्यात नसा बधिर झाल्यामुळे पायाची हाडे आणि सांधे मोडकळीला येतात. त्यात ही शस्त्रक्रिया केली तर टेप, स्क्रू काहीच टिकत नाही. रक्तपुरवठा कमी असेल किंवा कुठे जंतुसंसर्ग असेल, तर आधी ते बघायचे.

तंबाखू आणि मिसरीबद्दल एवढे का विचारता?

कापलेले हाड जुळायचे असते. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, हाड उशिरा जुळते, जखम चिघळते. सिगारेट ओढणारे सांगून टाकतात, पण मिसरी लावणाऱ्या आजी ‘मी तंबाखू खात नाही’ म्हणतात आणि त्यांना ते खरेच वाटत असते. मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. गुटखा, खैनी, तपकीर, सगळे त्यातच आले. शस्त्रक्रियेआधी निदान सहा आठवडे बंद आणि हाड जुळेपर्यंत बंदच. साखरही आटोक्यात हवी आणि ड जीवनसत्त्व कमी असेल तर ते भरून काढायला हवे.

धोके कोणते?

टाचेच्या बाहेरच्या छेदाजवळून सुरल नस जाते, त्यामुळे पावलाच्या बाहेरच्या कडेला बधिरपणा येऊ शकतो. तो बऱ्याचदा कमी होतो, पण काहींना कायम राहतो. टाचेतला स्क्रू टोचला तर हाड जुळल्यावर काढावा लागतो. हाड न जुळणे, जखम उशिरा भरणे, जंतुसंसर्ग हे कोणत्याही शस्त्रक्रियेत असतात. टेपचे स्वतःचे धोके म्हणजे अँकर सुटणे, टेप जास्त घट्ट होणे, त्वचेखाली तिची गाठ लागणे आणि संसर्ग झाला तर ती काढावी लागणे. बोटे वाकवणारा टेंडन हलवल्यामुळे लहान बोटांची पकड थोडी कमी होते. चालताना ते बहुतेकांच्या लक्षातही येत नाही.

पिंढरी दुखून सुजली, किंवा अचानक धाप लागली, छातीत दुखले, तर सकाळची वाट बघू नका. पायातल्या रक्ताच्या गुठळीचा धोका असतो, रात्री दोन वाजता का असेना, हॉस्पिटल गाठा. ताप, जखमेतून पू, प्लास्टर एकदम घट्ट होऊन बोटे निळी पडणे, यालाही हेच लागू.

किती दिवस घरी? कधी पाय टेकवायचा?

पहिले दोन आठवडे पाय छातीपेक्षा उंच. उशी पायाखाली नुसती ठेवून चालत नाही, गादीखाली लोड घालून सगळा पाय उचला. सूज उतरली नाही तर जखम भरत नाही. दोन आठवड्यांनी टाके निघतात. सहा आठवडे त्या पायावर भार नाही. वॉकर किंवा कुबड्या लागतात, म्हणून शस्त्रक्रियेआधीच घरी त्यांवर चालून सराव करा.

‘टेप आहे, मग लवकर चालू द्या’ असे पेशंट म्हणतात. फक्त लिगामेंटची दुरुस्ती असेल तर कधी कधी लवकर चालू देता येते. टाचेचे हाड कापले असेल, तर घड्याळ हाडाचे चालते. एक्स-रेत हाड जुळताना दिसले की सहाव्या आठवड्यानंतर बुटात थोडा थोडा भार, साधारण दहा-बारा आठवड्यांनी इनसोल घातलेला बूट. एका पायावर टाच उचलता येणे हे सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत कधीही जमते. संध्याकाळची सूज वर्षभर राहू शकते, त्याने घाबरू नका.

उजव्या पायाची शस्त्रक्रिया असेल तर ब्रेक जोरात दाबता येईपर्यंत गाडी नाही, म्हणजे साधारण तीन महिने. डाव्या पायाची असेल आणि गाडीला क्लच असेल, तरी तेच. स्कूटरवर सिग्नलला पाय टेकावा लागतो, तेही लक्षात ठेवा.

घरात काय तयारी करावी?

घरात भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आधी आणा. ती भाड्यानेही मिळते. अंघोळीला प्लास्टिकची खुर्ची, प्लास्टरवर पिशवी, न्हाणीत ओली फरशी नको. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय राहत असाल, तर पहिले सहा आठवडे खालच्या मजल्यावरच्या नातेवाइकांकडे राहण्याची सोय होते का बघा. बसून जिना चढता येतो, पण रोज नाही.

स्वयंपाक कोण करणार, हे शस्त्रक्रियेआधी ठरवा. मी हे मुद्दाम लिहिते. माझ्या पेशंटांत बायका जास्त, आणि तिसऱ्या आठवड्यात ओट्यापाशी एका पायावर उभ्या राहून पोळ्या लाटताना तोल जाऊन भार टाकलेल्या मी पाहिल्या आहेत. घरच्यांनी हे वाचले तर बरे होईल.

मांडी घालून बसता येईल का? उकिडवे?

मांडी साधारण तीन-चार महिन्यांनी, खाली जाड सतरंजी घेऊन, कारण घोट्याची बाहेरची बाजू आणि तिथला व्रण फरशीला दाबला जातो. उकिडवे बसायला घोटा खूप वाकावा लागतो. चार ते सहा महिन्यांनी फिजिओथेरपिस्टला विचारून सुरू करा. घरात अनवाणी चालायची सवय असते, पण पहिले वर्ष घरातही आधार असलेली चप्पल घाला. सपाट रबरी स्लिपर किंवा नवी कोल्हापुरी नको.

खर्चाचे काय?

टेप आणि अँकरचा खर्च शस्त्रक्रियेच्या खर्चात धरला आहे की वेगळा, हे अंदाजपत्रकात लेखी मागा. किती अँकर लागणार, तेही विचारा. आरोग्य विमा असेल तर इम्प्लांटवर मर्यादा आहे का, ते कंपनीकडून आधी कळवून घ्या. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. कोणती शस्त्रक्रिया कोणत्या पॅकेजमध्ये बसते, ते त्यांना विचारा. बजेट बेताचे असेल तर सर्जनला मोकळेपणाने सांगा. टाचेचे हाड आणि टेंडनचे काम नीट होऊन लिगामेंट साध्या टाक्यांनी शिवले, तरी पुष्कळ पाय चांगले राहतात. कर्ज काढून टेप घ्यावी असे मी कुणालाही सांगणार नाही.

टेप नंतर काढावी लागते का? विमानतळावर अडचण?

त्रास देत नसेल तर काढत नाहीत. टेप आणि प्लास्टिकचा अँकर यात धातू नाही. टाचेतला स्क्रू टायटॅनियमचा किंवा स्टीलचा असतो, त्याने कधी यंत्र वाजते, कधी नाही. एमआरआयआधी डिस्चार्ज कार्ड दाखवा.

मुलाचे पाय सपाट आहेत, पोलीस किंवा सैन्य भरतीत जायचे आहे. ही शस्त्रक्रिया करून घ्यावी का?

नाही. भरतीसाठी म्हणून तर नाहीच. न दुखणाऱ्या पायावर छेद घेऊन मुलाच्या हाती दुखरा पाय द्यायचा धोका कशाला? आधी टाचा उचलून चवड्यांवर उभे करून बघा. कमान तयार होते, पाय लवचीक आहे, दुखत नाही, धावता येते, तर तो साधा सपाट पाय आहे. सैन्याच्या वैद्यकीय निकषांतही अशा लवचीक, न दुखणाऱ्या पायाकडे वेगळे पाहिले जाते. भरतीच्या जाहिरातीतले चालू निकष वाचा आणि ते घेऊन डॉक्टरकडे या.

लहान मुलांचे पाय सपाटच असतात, कमान पुढच्या काही वर्षांत तयार होते. मणिपालच्या राव आणि जोसेफ यांनी २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून १९९२ मध्ये अहवाल दिला. बूट घालणाऱ्या मुलांत सपाट पाय ८.६ टक्के, अनवाणी फिरणाऱ्यांत २.८ टक्के. त्यामुळे तीन-चार वर्षांच्या मुलाला महागडे आधाराचे बूट घेण्यापेक्षा मातीत, गवतावर अनवाणी खेळू द्या. एकच पाय सपाट असेल, ताठ असेल किंवा दुखत असेल, तर मात्र दाखवून घ्या.

दोन्ही पाय बसलेत. एकदम करता येतील?

मी करत नाही. उभे राहायला एक तरी पाय लागतो. पहिला पाय भार घ्यायला लागला की साधारण सहा महिन्यांनी दुसऱ्याचा विचार. मधल्या काळात दुसऱ्या पायाला इनसोल.

पुढच्या आषाढात वारीला चालत जाता येईल का?

शस्त्रक्रियेला वर्ष पूर्ण झाले असेल, हाड जुळले असेल आणि त्या एका पायावर टाच दहा वेळा उचलता येत असेल, तर माझी हरकत नाही. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर आहे, आणि पुणे ते सासवड हा दिवे घाटाचा टप्पाच तीस किलोमीटरच्या घरात जातो. म्हणून तीन-चार महिने आधी रोजचे चालणे सुरू करून हळूहळू सलग १२-१५ किलोमीटरवर या. तेवढे चालल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सूज उतरलेली असेल, तरच पूर्ण वारीचा विचार करा. नाहीतर काही टप्पे दिंडीच्या गाडीतून जा. निघताना नवा बूट घालू नका, सरावाचाच घाला. आणि इनसोलची दुसरी जोडी पिशवीत ठेवा, कारण पावसात पहिली भिजते आणि मुक्कामावर रात्रीतून वाळत नाही.